कागदावरचे ऐंशी सेकंद

संपादकांनी फोनवर विषय दिला तो असा : 'सर, पोरगं बघितल्या बघितल्या तुम्हाला कसं कळतं?' कळत नाही, एवढ्यावर दिवाळी अंकातला लेख होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

जालन्यात खो-खोच्या निवड चाचणीला येणारे पालक क्रिकेटचा हिशेब डोक्यात घेऊन येतात. त्यांचंही बरोबर आहे. आपल्याच गावच्या विजय झोलनं १९ वर्षांखालच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, पुढे त्या वयोगटाच्या भारतीय संघाचा कप्तान झाला. तेव्हापासून इथं मैदान म्हटलं की लोकांना लिलाव आठवतो. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली, तेव्हा एका वडिलांनी विचारलं, "बोली कितीपासून असते?" बोली नव्हतीच. तो ड्राफ्ट होता. खेळाडूंचे गट पाडलेले, गटागटाचं मानधन आधीच ठरलेलं, आणि संघांनी पाळीपाळीनं नावं उचलायची. ते म्हणाले, "म्हणजे रेशनच्या दुकानासारखं." याहून सोपं मला अजून सांगता आलेलं नाही.

त्या पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात सूरज लांडेनं अगदी शेवटच्या सेकंदांत आकाशीय सूर मारला आणि ओडिशानं तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं हरवलं. सामना सुंदरच होता, पण त्याचे परिणाम मी अजून भोगतोय. चाचणीला आलेलं प्रत्येक पोरगं सूर मारतं. गडी हातभर अंतरावर असला तरी मारतं. लीग मॅटवर होते, आमचं मैदान मुरमाचं. संध्याकाळपर्यंत कोपरांना हळद लावायचं काम माझ्याकडे.

पण माझं खरं भांडण आहे ते घड्याळाशी. पालक गुणपत्रिकेची घडी खिशातून काढतात : "सर, याची वेळ बघा, दोन मिनिटं पन्नास सेकंद!" आता जरा बारकाईत जावं लागेल, कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा.

संरक्षणाला तीन-तीन जणांची तुकडी उतरते. समजा पहिला १.२० ला बाद झाला, दुसरा २.१० ला, तिसरा २.५० ला. कागदावर तिसरा वाघ. पण आक्रमकांनी त्यांना एकामागून एक धरलं असेल तर? पहिल्याच्या मागे ते ऐंशी सेकंद होते, दुसऱ्याच्या मागे पन्नास, आणि आपल्या वाघाच्या मागे फक्त चाळीस. तोवर तो खांबाजवळ कंबरेवर हात ठेवून उभा. घड्याळ तिघांचं एकदमच सुरू होतं. पाठलाग कुणाचा चाललाय हे त्याला दिसत नाही. दर वेळी असंच होतं असं नाही, मधेच गडी बदलतातही. पण हे मी निवड समितीच्या बैठकीत इतक्यांदा सांगितलंय, की हल्ली मी खुर्ची पुढे ओढली की लोक चहा मागवतात.

आणि तरीही मी स्वतः त्यात फसलो. परतूर तालुक्यातला एक मुलगा, सोळाचा. हाडकुळा, पायात दोन वेगळे बूट. वेळ १.२०. उन्हं उतरली होती, अजून तीन शाळा बाकी होत्या. मी त्याच्या नावापुढे 'राखीव' लिहिलं आणि पान उलटलं.

दहा-बारा दिवसांनी त्याच्या सरांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवला. आक्रमकांनी बाकीच्या दोन उंच पोरांकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. खोवर खो, सगळे याच्याच मागे. तो एकेरी साखळीत, एकेका बसलेल्या गड्याला वळसा घालत चाललाय. एका ठिकाणी मी व्हिडिओ थांबवला. सगळे बचावपटू बघतात ते धावणाऱ्याकडे. हा बघतोय पुढच्या चौकोनात बसलेल्याच्या टाचेकडे. खो मिळणार असं वाटलं की बसलेल्याचं वजन पंजावर जातं आणि टाच उचलते. टाच हलली आणि याची दिशा बदलली. खोचा आवाज त्यानंतर आला. मी तीस वर्षं शिकवतोय, पण हे मी कुणाला शिकवलेलं नाही. बाद झाला तोही अंगावर आलेल्या आपल्याच सोबत्याला वाट देताना.

यादी तेव्हा वर गेली होती. तरी सरांना फोन केला. म्हणाले, "सर, दसरा झाला ना. आईबापानं उचल घेतलेली, तोही गेला कोयता घेऊन. आता पाडव्यालाच." आमच्याकडे निवडीचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच महिन्यात सुरू होतो. ड्राफ्टसाठी खेळाडू हेरायला येणाऱ्यांना ही तारीख कुणी सांगत नाही. मीही कुठल्या फॉर्मवर ती लिहिलेली नाही.

यंदाच्या चाचणीत मी घड्याळ एका तरुण शिक्षकाच्या हातात दिलं आणि बसलेल्यांच्या टाचांकडे बघत राहिलो. त्या नादात दोन पोरं बाद झालेली मला कळलीच नाहीत.