दोन पांढऱ्या पट्ट्यांची बोट

काळं धुरांडं आणि त्यावर दोन पांढरे पट्टे, ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची खूण. मुंबई बंदरात ती पिढ्यान्‌पिढ्या दिसली. ती मिरवणारी शेवटची उतारू बोट म्हणजे ‘द्वारका’. १९४७ साली इंग्लंडातल्या टाईन नदीकाठी ती बांधून झाली आणि १९८२ साली कराचीजवळच्या गदानीच्या किनाऱ्यावर तोडली गेली. मधली सारी वर्षं तिनं आखाताची वाट तुडवली : मुंबई, कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत आणि परत.

माझे थोरले काका तिच्यावर सुकाणी होते. कोकणातल्या खाडीकाठच्या आमच्या गावातले बरेच जण बोटीवर असत. कोणी खलाशी, कोणी टंडेल, एखादा चढत चढत सारंग झालेला. उतारूंच्या सलूनमध्ये चाकरीला गोव्याची माणसं, ब्रिजवर ब्रिटिश साहेब. साहेबानं होकायंत्राचे अंश सांगायचे, काकांनी ते मोठ्यानं परत म्हणायचे आणि चाक फिरवायचं. चार तासांची पाळी संपली की झोप, आणि झोप पुरी होण्याआधी पुन्हा पाळी. काकांचा आवाज घरातही तसाच राहिला होता. आजीनं काही आणायला सांगितलं, तर आधी ते तिचे शब्द म्हणत आणि मगच उठत.

बोट जेमतेम पाच हजार टनांची, पण डेकवर हजाराहून अधिक माणसं घेऊन जाई. वळकटी, ट्रंक आणि लोणच्याची बरणी घेऊन माणूस चढे आणि दिसेल तेवढ्या जागेत पथारी पसरी. खाली तांदूळ, चहा, मसाले, कापडाच्या गाठी. दुबईचं पोर्ट रशीद हे बंदर व्हायच्या आधी बोट तिथल्या खाडीच्या बाहेर नांगर टाकून उभी राही. पडाव बाजूला लागत, विंच फिरू लागे, पोती झोळ्यांतून खाली उतरत आणि माणसं शिडीनं. वारा सुटला की हे सगळं थांबवून नांगर उचलावा लागे.

१९६१च्या ७ एप्रिलला असाच वारा सुटला. द्वारकेची बहीण ‘दारा’ दुबईसमोरून नांगर उचलून खोल पाण्यात गेली. निरोप द्यायला आलेली माणसंही वरच अडकली. ८ तारखेच्या पहाटे बोटीत स्फोट झाला, आग पसरली आणि २३८ जण गेले. ओढून नेत असताना १० तारखेला ती बुडाली. तिच्यावर काकांच्या ओळखीची माणसं होती. द्वारकेची फेरी मात्र पुढेही त्याच पाण्यातून होत राहिली. तिथून जाताना साहेबाचे अंश परत म्हणायला आवाज फुटत नसे, एवढंच काका सांगत.

पुढे विमानं आली. आता मुंबईहून दुबईला माणूस तीन तासांत पोचतो. ही सोय मोठी आहे आणि ती नको असं कोण म्हणेल? पण बोटीवरचे ते दिवस गेले. पहिल्या रात्री रडणारा पोरगा कराचीनंतर शेजाऱ्याशी बोलू लागे, मस्कतपर्यंत चार अरबी शब्द शिके, आपल्या तालुक्यातलं कोणी भेटलं की पत्ता लिहून घेई. परमुलुखात पाय ठेवण्याआधी त्याला एक तात्पुरतं गणगोत मिळालेलं असे. आज तेच दुःख तो एकटा, पट्टा बांधून बसल्या जागी गिळतो.

काका गेले. त्यांच्याबरोबरचे बहुतेक गेले. कोकणातल्या कितीतरी घरांवर आखाताच्या पैशानं स्लॅब चढली. त्या पैशाची वाट या माणसांनी रात्र रात्र जागून सुरक्षित ठेवली. जहाजांच्या याद्यांत द्वारकेचं नाव, वजन, बांधणीचं साल सापडतं. चाकावर कोण उभं होतं ते सापडत नाही. ती नावं अजून आपल्या घरांत ठाऊक आहेत. ज्यांना आठवतात त्यांनी ती आता लिहून ठेवावीत.