तिकडं कोण हाय आपलं?

रत्नागिरीला जातो म्हणालो तेव्हा बानं विचारलं, "तिकडं कोण हाय आपलं?"

"कुणी नाही. नुसतं बघायला चाललोय."

"काय बघायला?"

"समुद्र. किल्ला. राजवाडा."

बा गप्प झाला. तो का गप्प झाला ते मला कळत होतं. आमच्या घरानं प्रवास काय कमी केला नाही. ऊसतोडीला गेलो, लग्नाला गेलो, मयताला गेलो, काम हुडकत गेलो. ६ डिसेंबरला बा दादरला जातो, एकदा नागपूरही झालं, २० मार्चला महाडही. पण पोटाचं नाही, चळवळीचं नाही, नुसतं बघायला म्हणून आमच्यातलं कुणी एसटीत बसल्याचं ऐकिवात नाही. सहल हा शब्द मी शाळेत शिकलो. वर्ग सहलीला गेला होता आणि वर्गणी न भरलेले आम्ही चौघं रिकाम्या बाकांवर बसून होतो. तेव्हा शिकलो.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. दहावी नापास. बाकीची शाळा रात्रपाळी सुटल्यावर घरी केली. एक साप्ताहिक सुट्टी आणि एक खाडा असे दोन दिवस जमवले. बरोबर खात्यातला एक दोस्त. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. घाट उतरला तसा अंगाला घाम सुटला. खात्यातल्यासारखाच दमट घाम.

मांडवीला समुद्र बघितला. दोस्तहो, खोटं बोलत नाही, पहिल्यांदा भीतीच वाटली. आमच्या कानात फ्रेमचा आवाज कायमचा बसलेला असतो, झोपेतसुद्धा जात नाही. तिथं तो अर्धा तास गेला. रत्नागिरीत एका बाजूला काळा समुद्र म्हणतात, दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र. पाणी एकच, वाळूच्या रंगावरून नावं दोन. दोस्त म्हणाला, "घ्या, हितं बी वर्ण." दोघंही खूप हसलो.

संध्याकाळी हसू गेलं. एका लॉजवर खोली आहे म्हणाला. भाडं ठरलं. आधारकार्ड घेतलं, आडनाव वाचलं, माझ्याकडं बघितलं. गाव विचारलं. गावात कुठं राहता ते विचारलं. मग वहीची पानं उगाच मागंपुढं केली आणि म्हणाला, "अरे, ही खोली बुक आहे. चुकून सांगितलं." शिवी नाही, आरडाओरडा नाही. किती मऊ आवाज! असा आवाज कुठल्या कलमात बसवायचा? दोस्त भांडायला निघाला होता. मीच त्याचा हात धरला. का धरला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पुरावा नाही म्हणून, परका गाव म्हणून, की सहलीला आलोय तर सहलच करू म्हणून? हे तुमच्यापुढं मांडतो, कारण सभेत मी भाषण करतो तेव्हा असा हात धरत नाही.

रात्र एसटी स्टँडवर काढली.

सकाळी पतितपावन मंदिराकडं गेलो. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकारानं हे मंदिर उभं राहिलं. पैसा भागोजीशेठ कीर यांचा. १९३१ साली ते अस्पृश्यांसकट सगळ्या हिंदूंना उघडं झालं. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती, ते कबूल केलं पाहिजे. त्याच सुमाराला नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं मार खात होती. दारात हार विकणारी म्हातारी म्हणाली, "जा की आत, बाबांनो. हितं कुणाला मनाई नाय." तिच्या बोलण्यात माया होती. पण माझी नजर नावावरच अडकली. पतित म्हणजे पडलेला. माझा आजा कधी पडला? त्याला पाडला होता. पाडणाऱ्याला पाटीवर जागा नाही, पडलेल्याला मात्र आहे. आणि दार उघडून नव्वद वर्षं होऊन गेली तरी त्याच गावात रात्री खोलीचं दार उघडलं नाही. देवळाचं दार उघडणं म्हणजे माणसाचं दार उघडणं नव्हे, हे बाबासाहेबांना १९३५ सालीच येवल्यात दिसलं होतं. मला एक रात्र स्टँडवर झोपल्यावर दिसलं. आम्ही आत गेलो नाही. म्हातारीकडनं दोन हार घेतले आणि पुढं निघालो.

मग थिबा राजवाडा. आता तिथं सरकारी संग्रहालय आहे. लाल इमारत, अर्धगोल लाकडी खिडक्या, रंगीत काचा. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि राणी-पोरींसकट त्याला उचललं. आधी मद्रास, मग रत्नागिरी. हा वाडा त्याच्यासाठी १९१० साली झाला. १९१६ साली तो इथंच मेला. दिल्लीचा बहादुरशहा जफर १८६२ साली रंगूनला मेला. इंग्रजानं इकडचा राजा तिकडं नेऊन पुरला आणि तिकडचा इकडं आणला.

हा राजा बौद्ध होता. तरुणपणी विहारात पाली शिकलेला. हे कळल्यावर माझी छाती फुगली, नाही म्हणत नाही. वाटलं, रात्री ज्यानं खोली नाकारली त्याला हाताला धरून इथं आणावं. पण दोस्तहो, पुढचंही ऐका. हाच थिबा गादीवर आला आणि १८७९ साली त्याच्या दरबारानं गादीचे वारस म्हणून त्याचेच भाऊबंद, बायापोरांसकट, मारून टाकले. पंचशील पाठ होतं, पण राज्य राखताना आड आलं नाही. राजा बौद्ध असला तरी शेवटी राजाच. आपल्याला बुद्ध मिळाला तो राजवाडा सोडून गेलेला. ही गोष्ट विसरून आपण नवे राजे हुडकत बसलो, तर फसलो.

रिक्षा करून थिबाची समाधी बघितली. हातातले हार तिथं ठेवले नाहीत. मला खरी ओढ लागली होती ती त्याच्या नातीची. थोरल्या राजकन्येला वाड्याच्या दरवानापासून मुलगी झाली. तिचं नाव टुटू. आई माघारी आली, टुटूनं इथल्याच माणसाशी संसार केला, गरिबीत दिवस काढले आणि म्हातारी होऊन रत्नागिरीतच गेली. राजाची नात आमच्यासारखंच जगली आणि मेली. तिची आठवण म्हणून एक हार समुद्रात सोडला. दुसरा बासाठी ठेवला.

रात्री घरी पोचलो. बा जागाच होता. "भेटलं का कोण?"

मी सगळं सांगितलं. लॉजचंही. मग म्हणालो, "बा, १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली ते चंद्रमणी भन्ते मूळचे ब्रह्मदेशचेच. थिबा मेला त्याला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. बाबासाहेब स्वतः १९५४ ला रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते. राज्य गेलं, पण धम्म त्या वाटेनंही आला."

बानं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. वाळलेला हार त्यानं तिथं घातला. लॉजबद्दल तो एवढंच म्हणाला, "पुढच्या टायमाला हात धरू नको त्याचा."

मग बऱ्याच वेळानं विचारलं, "समुद्र कसा असतोय रं?"

मी चमकलो. "बा, तू तर दरसाल दादरला जातोस. चैत्यभूमीच्या मागं समुद्रच आहे की."

"असंल. पर लाईन लई मोठी असती. दर्शन झालं की गाडी गाठायची. वळून कवा बघितलंच न्हाई."

पुढच्या खाड्याला बाला घेऊन जायचं आहे. कुणी तिकडं असो नसो.