मार्गशीर्षांतील नाथसागर

आमचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. तेव्हां मासे धरण्याविषयीं मीं चार शब्द लिहावे हें वाचकांस चमत्कारिक वाटेल, आणि आमच्या घरांतील वडील मंडळींस तर खात्रीनेंच वाटेल. परंतु गेल्या मार्गशीर्षांत पैठणास जें पाहिलें व ऐकलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शिवाय त्याचा संबंध माशांइतकाच आमच्या घराशींही आहे.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, येथून दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर पैठण आहे. नाथषष्ठीच्या निमित्तानें हें क्षेत्र बहुतेकांच्या परिचयाचें आहेच. गांवाच्या वरच्या अंगास गोदावरी अडवून जायकवाडीचें धरण बांधलें आहे. त्याचा पाया १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं घातला व उद्घाटन १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें झालें. धरणाची भिंत सुमारें दहा किलोमीटर लांब असून तिला २७ दरवाजे आहेत. जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाणी सुमारें ३५० चौरस किलोमीटर पसरतें. एकनाथमहाराजांच्या नांवावरून त्यास नाथसागर म्हणतात. त्याच्या पोटांत शंभरांहून अधिक गांवांच्या जमिनी गेल्या. त्या गांवांपैकीं एक आमचें.

काका तेव्हां विशी-बाविशींत होते. पुढें नाथषष्ठीस ते दरसाल पैठणास येत, समाधीचें दर्शन घेत, परंतु पाण्याकडे म्हणून कधीं फिरकले नाहींत. या खेपेस मात्र त्यांचा दहा वर्षांचा नातू बरोबर होता. त्याला पक्षी पाहावयाचे होते. हा जलाशय १९८६ पासून पक्षी-अभयारण्य आहे व हिवाळ्यांत चक्रवाक, रोहित वगैरे पाहुणे येथें उतरतात. नातवाच्या हट्टापुढें काकांचें कांहीं चाललें नाहीं.

आम्ही उजाडतां उजाडतां काठीं पोंचलों. थंडी चांगलीच होती आणि साऱ्या पाण्यावरून वाफ निघत होती. नातवास वाटलें, पाणी उकळत आहे! त्याला समजावून सांगितलें कीं, पाणी हवेइतकें लवकर निवत नाहीं. म्हणून पहाटे पाणी कोमट व हवा गार असते आणि वर उठणारी ओल तत्काळ धुक्यासारखी दिसते. इतक्यांत त्या धुक्यांतून एक भोई थर्मोकोलचा तराफा वल्हवीत काठास आला. रात्रीं लावलेलें जाळें काढून तो परतत होता.

हें जाळें नायलॉनचें, भिंतीसारखें पाण्यांत उभें राहणारें. वरच्या दोरास तरंगण्याकरितां प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या, खालच्या दोरास वजनें. सायंकाळीं लावावयाचें व पहाटे काढावयाचें. माशाचें डोकें जाळ्याच्या घरांत शिरतें, अंग अडतें आणि मागें सरूं जातां कल्ले अडकतात. घराहून बारीक मासा आरपार निघून जातो. त्या दिवशींचा माल मात्र थोडा होता.

“थंडीमुळें मासे खोल जातात काय?” मीं विचारलें.

“मासा कुठं जात न्हाई, दादा,” तो म्हणाला. “सुस्त व्हतो. आपुन गोधडीत बसतो तसा.”

त्याच्या बोलण्यांत पुस्तकी ज्ञानास धरून नाहीं असें कांहींच नव्हतें. माशाच्या अंगांत आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी जितकें गार तितकाच तो गार. गारठ्यानें त्याचें पचन मंदावतें व भूकही मंदावते. रात्रीं वरचें पाणी निवून जड होतें व खालीं उतरतें. हा जलाशय विस्ताराच्या मानानें उथळ, भरलेला असतांही सरासरी खोली आठ-नऊ मीटरच, त्यामुळें पाणी वरखालीं मिसळून सारखेंच गार होतें. ऊन वर आलें म्हणजे काठचें उथळ पाणी आधीं तापतें आणि मासा त्या उबेस येतो. म्हणून या दिवसांत गळ टाकावयाचा तो भर दुपारीं, काठाजवळ. गळ लहान व आमिषही लहान हवें, कारण थंडींतला मासा ओढ देत नाहीं, नुसता स्पर्श करतो. पावसाळ्याचा गढूळपणा खालीं बसून पाणी निवळलेलें असतें, त्यामुळें चांदण्यांत जाळें माशास दिसतें. कृष्णपक्षाच्या रात्रीं बऱ्या. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं चरतो, त्या बेतानें जाळें वरखालीं करावयाचें.

आमच्या वाचकांस ठाऊक असेल कीं, कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर तिसरा या राजानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत मासे गळास लावण्याच्या विनोदास निराळें प्रकरण असून कोणत्या माशास कोणतें आमिष द्यावें हेंही सांगितलें आहे. राजानें जें लिहून ठेविलें, तें या भोयाच्या तोंडीं होतें.

बोलतां बोलतां त्यानें जाळ्यांत गुंतलेले दोन लहान जिवंत रोहू सोडवून पाण्यांत टाकले. रोहू-कटला पावसाळ्यांत वाहत्या नदींत अंडीं घालतात; सांठलेल्या पाण्यांत त्यांची वीण सहसा होत नाहीं. म्हणून दरसाल बोटाएवढीं पिलें बाहेरून आणून सोडावीं लागतात. बारीक घराचीं जाळीं लावून कांहीं लोक तींही उपसतात, तेव्हां पुढल्या सालचें पीक आजच कापलें जातें. आफ्रिकेंतून आलेली चिलापी तेवढी येथेंच वाढते.

“तिकडे जाळें कां लावीत नाहीं?” नातवानें एका बाजूस बोट दाखविलें.

“तिथं दगडं हायती, बाळा. जुनं गाव हाय. जाळं फाटतंय. ती बाभळ अन्‌ पल्याडचं टेकाड एका रेघंत आलं की समजायचं, खाली हीर हाय.”

काका इतका वेळ गप्प होते. ते पुढें आले. “विहीर दगडी आहे का? पूर्वेकडून पायऱ्या असलेली?”

“हाय की, बाबा. पानी लई आटलं की दिसती. सात पायऱ्या मोजल्यात म्या.”

“अकरा होत्या,” काका म्हणाले. “खालच्या चार गाळांत गेल्या असतील.”

भोयानें त्यांच्याकडे नीट पाहिलें आणि डोक्याचा रुमाल काढून हातांत घेतला. पुढें कोणीच कांहीं बोललें नाहीं. त्या विहिरींतील माशांस आमची आजी द्वादशीस कणकेच्या गोळ्या घालीत असे, हें मीं लहानपणापासून ऐकत आलों होतों. भोयाच्या डब्यांतही दुपारच्या गळाकरितां कणकेच्या गोळ्याच होत्या.

“आतां तिथें मासे आहेत का?” काकांनीं विचारलें.

“वाम बसत्यात पायऱ्यांच्या फटीत. राती गांडूळ लावून गळ सोडतो.” मग जरा संकोचून तो म्हणाला, “थंडीत जाळ्यात येत न्हाई, तवा त्याच फटींवर घर चालतं, बाबा. तुमास्नी चालत नसंल तर...”

आमच्या घरीं एकादशीस कांदाही शिजत नाहीं. काका काय म्हणतात इकडे माझें लक्ष लागलें होतें. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

“चालूं द्या,” ते म्हणाले. “विहीर गांवाचीच होती.”

परततांना नातवानें विचारलें, “आजोबा, आपलें गांव बुडालें ना?” काकांनीं त्याला मांडीवर घेतलें, आणि वेस कोठें होती, पार कोठें होता, विहिरीकडे वाट कशी जाई, हें पैठण येईपर्यंत ते त्याला सांगत होते. या गोष्टी त्यांच्या तोंडून मीं प्रथमच ऐकल्या.