अपवादाची नोंद

जाहिरातींचा आम्हांला मनस्वी तिटकारा आहे. बातमी वाचावयास बसावे आणि मध्येच कुणी गुडघ्याचे तेल घेऊन उभे राहावे, हे आम्हांला खपत नाही. म्हणून जाहिराती अडविणारे ॲडब्लॉकर नावाचे साधन घरच्या संगणकावर आहे, आणि ते काढण्याचा आमचा विचार नाही. हे आधीच सांगितलेले बरे. कारण पुढे त्याच्याविषयी दोन कडू शब्द लिहावयाचे आहेत.

या साधनाला स्वतःची अक्कल बेताचीच. त्याच्या हाती एक यादी असते, आणि यादी सांगेल तसे ते वागते. २००५ पासून चालत आलेली ‘ईझीलिस्ट’ ही त्यांतली सर्वांत परिचित. तिच्यात हजारो नियम असून ते सांभाळण्याचे काम स्वयंसेवक करतात. अमुक पत्त्यावरून येणारे आत सोडू नये, अमुक नावाची चौकट दिसल्यास लपवावी, असे त्यांचे स्वरूप. आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचताना कचेरीतच बसल्यासारखे वाटते. मजकूर कोणी पाहावयाचा नाही. नाव पाहावयाचे, पत्ता पाहावयाचा आणि शेरा मारावयाचा. ७२८ बाय ९० ठिपक्यांची आडवी पट्टी हे जाहिरातीचे ठरीव माप. एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनाचे चित्र त्याच मापाचे करून तो आकडा चित्राच्या नावात घातला, तर तेही जाहिरात म्हणून अडू शकते.

कधी याहून मौज होते. ‘कुकी’ची संमती मागणारी चौकट लपविणारी एक वेगळी यादी आहे. पण संमती मिळेपर्यंत पान जागीच खिळवून ठेवलेले असते. मग चौकट दिसत नाही आणि पान खाली सरकत नाही. द्वारपाल नाहीसा झाला, किल्ली मात्र त्याच्याच खिशात!

गेल्या श्रावणात आमचे वडील गावी आजारी पडले. रक्ताचा अहवाल तेथील एका प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर आला होता; नोंद आमच्या नावाने असल्यामुळे तो येथे दिल्लीत आम्हीच उघडावयाचा. ‘अहवाल पाहा’ हे बटन समोर दिसत होते. दाबले तर काहीच होईना. चूक झाल्याची सूचनाही नाही. अर्धा तास असा गेला. “दादा, उघडलं का? डॉक्टर थांबलेत,” असे धाकटे बंधू फोनवरून पुन्हा पुन्हा विचारीत होते, आणि त्यांना काय सांगावे ते सुचेना. शेवटी वरच्या मजल्यावरचा बंगाली विद्यार्थी खाली आला, त्याने ते साधन त्या पानापुरते बंद केले, आणि अहवाल उघडला. वडिलांना त्याच रात्री साताऱ्यास हलवावे लागले. आता ते बरे आहेत.

कारण त्या मुलाने समजावून सांगितले. पान रचणाऱ्याने बटनाला बजावले होते की, आधी वाचकांची मोजदाद ठेवणाऱ्या खात्याला वर्दी दे, मग अहवाल उघड. ‘ईझीप्रायव्हसी’ या भगिनी-यादीने ते खाते दारातच अडविले. वर्दी घ्यावयास कोणी नाही, म्हणून बटन मुके. आमच्या मते मोठा दोष रचणाऱ्याचाच. रोग्याचा अहवाल मोजणीदाराच्या खुंटीला टांगावयाचे कारण काय? आमच्या साधनाने मात्र कोपऱ्यात ‘३’ एवढा आकडा दाखवून आपले कर्तव्य संपविले होते.

यावर एक तोड आहे. अडविलेल्या खात्याच्या जागी नकली गृहस्थ बसवावयाचा. तो प्रत्येक वर्दीला ‘मिळाली’ म्हणतो आणि पुढे काहीच करीत नाही. फायरफॉक्स ब्राउझरने २०२१ मध्ये ही सोय केली. (कचेऱ्यांतून ती पूर्वापार आहे.)

दुसरा उपाय अपवादाचा. यादीत अपवादाच्या नियमाआधी ‘ॲट’ची दोन चिन्हे असतात. अशा कित्येक ओळींमागे कोणीतरी केलेली तक्रार असते. मोठ्या वृत्तपत्राचे पान अडले तर तक्रारी लगेच जातात. तालुक्याच्या प्रयोगशाळेसाठी कोण लिहिणार? तेथे येणारा मनुष्य बटन दोनदा दाबतो, आपल्यालाच जमत नाही असे समजतो आणि रिक्षा करून अहवाल आणावयास जातो.

आम्ही लिहिले. पानाचा पत्ता दिला, अडलेल्या ओळीचा उल्लेख केला, बटनावरच्या मराठी शब्दांचे इंग्रजी भाषांतर जोडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : अपवाद घातला आहे, तपासून कळवावे. साधन चालू ठेवूनच आम्ही बटन दाबले, अहवाल उघडला, आणि तसे कळविले.