पावसाच्या आत

मार्च निम्मा सरला की गोव्याच्या हद्दीवरच्या दोडामार्गाकडच्या रस्त्यांना एक वास लागतो. झाडाखाली पडून उन्हानं आंबायला लागलेल्या काजूच्या बोंडूंचा. सकाळी तो गोड असतो, दुपार चढली की सरळ दारूच्या वाटेला लागतो. परक्या माणसाला नकोसाच वाटेल. इथल्या माणसाला मात्र त्या वासानं कळतं की घराघरांत आता चार पैसे फिरायला लागले.

काजू मुळात इथला नव्हे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला आणि जांभ्या दगडाच्या मातीत तो असा रुजला की आज त्याला परका म्हणायची कुणाची छाती होणार नाही. जुनी गावठी झाडं कुणी लावली असं नाहीच. गुराखी पोरांनी टाकलेल्या, पाखरांनी, वटवाघळांनी नेलेल्या बियांची ती रोपं. ज्या वरकस उतारांवर पूर्वी नाचणी, वरी पिकायची, तिथं काजू रीतसर चढला तो १९९०नंतर, रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली तेव्हा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं तयार केलेली कलमं, ‘वेंगुर्ला ४’, पुढं ‘वेंगुर्ला ७’, डोंगर चढून गेली. सातची बी चांगली दहा ग्रॅमची. गावठी बी तिच्या शेजारी ठेवली की शरमल्यासारखी दिसते.

पण योजनेला इतकं यश यायचं आणखी एक कारण होतं, ते कागदावर कुठं लिहिलेलं नाही. नाचणीला माणसं लागतात आणि माणसं तर मुंबईला गेलेली. काजूला माणूस लागतो तो वर्षातले दोन-अडीच महिने, तेही घरात राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसं पुरतात. ओस पडत चाललेल्या गावाला परवडेल असं हे झाड. संशोधन केंद्रातल्या मंडळींना हे बोलणं आवडायचं नाही. कलमाला खत हवं, छाटणी हवी, ढेकण्याला फवारणी हवी, खोडात रोठा शिरला तर तो वेळीच काढायला हवा. खरं आहे. तरी जानेवारीत आभाळ भरून आलं की फवारणी केलेला आणि न केलेला, दोघेही अंगणात उभे राहून वरच बघतात. “मोहोर बरो इल्लो, पण ह्या मळभान खाल्ल्यान,” हे वाक्य दोघांच्याही तोंडी.

बी झाडावरून तोडायची नसते. बोंडू पिकून आपणहून पडावा, मग तो उचलून बी पिळून काढायची आणि दोन-तीन उन्हं द्यायची. वणवा आणि माकडं यांच्या आधी पोचलं म्हणजे झालं. बी पिकण्याआधीचे ओले गर मात्र घर स्वतःसाठी ठेवतं. ओल्या काजूच्या उसळीसाठी कोवळी बी चिरताना बोटांची सालं निघतात, कारण टरफलातला चीक जाळतो. पण या एका बाबतीत कुणी नफ्या-तोट्याचा हिशेब करत नाही.

सुकलेली बी म्हणजे गावातलं चलन. पोरं मूठभर बी देऊन दुकानातून खाऊ आणतात, आज्या चहापावडर. आठवड्याला पिशवीभर बी बाजारात जाते. “बी कितक्याक घेतास?” हा प्रश्न, आणि त्यावर व्यापाऱ्यानं पुड्या बांधता बांधता, मान वर न करता सांगितलेला आकडा. तो आकडा त्याचाही नसतो. आपल्याकडच्या कारखान्यांना देशातली बी पुरत नाही, आफ्रिकेतून बोटी येतात, आणि आयव्हरी कोस्टचा हंगामही नेमका फेब्रुवारी ते जूनच. म्हणजे आपला ढीग आणि त्यांचा ढीग एकाच वेळी पडतो. सासोलीच्या किंवा मणेरीच्या बाईनं न पाहिलेला देश तिच्या पिशवीचा भाव ठरवतो.

यावर शहाणी माणसं सांगतात, बी ठेवून द्या, दर चढला की विका. बी टिकते, सल्ला खोटा नाही. पण ठेवायची कुठं? जूनमध्ये कोकणात भिंतींना पाणी सुटतं, मिठाचं पाणी होतं, तिथं पोत्यातली बी कोरडी कशी राहणार? शिवाय शाळेचा खर्च, घराची शाकारणी, तरव्याची तयारी, सगळं पावसाच्या आत. व्यापाऱ्याकडे गोदाम आहे, म्हणून त्याला थांबता येतं. मला तर वाटतं, या धंद्यात खरं भांडवल झाड नव्हे, हे थांबता येणं आहे.

बीची पुढची वाट मोठी आहे. बी वाफवायची, फोडायची, गर सुकवून साल काढायची. साधारण चार किलो बीतून किलोभर गर. फोडण्या-सोलण्याच्या टेबलांवर जवळपास सगळ्या बायकाच. मग अख्खा, पाकळी, तुकडा अशी निवड. अख्ख्यातही दोनशे चाळीस, तीनशे वीस, म्हणजे एका पौंडात किती गर बसतात त्यावरून प्रतवारी. मुंबईच्या दुकानात अख्खा जातो, आणि काजू कतली बहुधा तुकड्याचीच होते.

बोंडूची कथा तर हद्दीवर येऊन बदलते. पलीकडं गोव्यात त्याचा रस काढून उर्राक, मग फेणी. तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हद्दीच्या अलीकडं तोच बोंडू बहुतेक बागांत झाडाखाली कुजतो किंवा टेम्पोत बसून गोव्याला जातो. झाडाला नकाशा ठाऊक नाही, अबकारी खात्याला तेवढा ठाऊक आहे.

२०२४च्या हंगामाला राज्य सरकारनं किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं. त्याला विक्रीची पावती हवी होती आणि सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी होती. सातबाऱ्यावर अजून आजोबा, आणि त्यांच्याखाली मुंबई-ठाण्यातले डझनभर चुलते. बी वेचते ती सून, आणि तिचं नाव कुठंच नाही. पावतीचं म्हणाल, तर पिशवीभर बी तराजूत टाकून तेल-साखर नेणाऱ्याला ती आजवर कुणी दिलेली नाही, आणि त्यानंही कधी मागितलेली नाही.