तांजोंग पगार आणि काकांचं खाचर

मलय भाषेत तांजोंग म्हणजे भूशिर आणि पगार म्हणजे कुंपण. आपल्या मराठी कानाला मात्र त्यातला 'पगार'च आधी ऐकू येतो, आणि इथल्या उंच इमारतींत नोकरी करणाऱ्यांना तोच अर्थ जास्त पटतो! माझा पगार गेली दोन वर्षं भाताच्या चिखलातून येतोय. आमचा एक ग्राहक व्हिएतनाममधल्या भातशेतीतून कार्बन क्रेडिट तयार करतो, आणि शेतातल्या पाण्याच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली आम्ही सांभाळतो.

नोंदी पाण्याच्या, पण सगळा खेळ मातीतल्या सूक्ष्मजीवांचा. शेतात पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो. मग ज्यांना प्राणवायूचं वावडं आहे अशी मंडळी कामाला लागतात आणि कुजक्या मुळ्या-पेंढ्यापासून मिथेन बनवतात. आपण त्यांना सरसकट जिवाणू म्हणतो, पण त्यांचं कूळ वेगळं, आर्किया. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी ते १९७७ साली वेगळं काढून दाखवलं. हा वायू बुडबुड्यांतून थोडा येतो. बराचसा भाताच्याच पोकळ काडीतून, धुराड्यातून धूर निघावा तसा. मुळांपाशी थोडा प्राणवायू झिरपतो, तिथे मिथेन खाणारे जिवाणू असतात. ते काही भाग वाटेतच फस्त करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

उपाय सोपा आहे. भोकं पाडलेला पाइप शेतात रोवायचा, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्यात मात्र शेत सुकू द्यायचं नाही. मिथेन बराच घटतो. पण ओल-सुकीच्या या फेऱ्यांत दुसरे जिवाणू खतातल्या नत्रापासून नायट्रस ऑक्साइड बनवतात, म्हणून युरियाही बेताने.

माणगावच्या काकांना मी हे फोनवर समजावलं. ते म्हणाले, "अरे, जुलैत पाऊस थांब म्हणून तुझ्या पाइपाला सांगता येईल का?" खरंच आहे. पाण्याचा नळ ज्याच्या हातात, त्याच्यासाठी पाइप.

कोकणाला त्याहून जवळचं वाटतं ते नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं तंत्र. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि पुन्हा नांगरायचं नाही. माती हवेशीर राहते. तणनाशक लागतं, हे मला खटकतं.

भाताला आरोपी ठरवण्याआधी एक आठवण द्यायला हवी. भारताच्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा एक अमेरिकी अंदाज होता. १९९१ साली डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने प्रत्यक्ष खाचरांत मोजणी झाली, तेव्हा आकडा ४० लाख टनांच्या आसपास निघाला! तेव्हापासून मोजमापाशिवायच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, आमच्या प्रणालीतल्यासुद्धा.

काकांच्या दीड एकराला क्रेडिट कोण देणार? पावसाच्या पाण्याला ना मीटर, ना नोंद. तरी यंदा दहा गुंठ्यांवर ते बी टोकणार आहेत. मिथेनसाठी नव्हे, लावणीला माणसंच मिळत नाहीत म्हणून.