आगगाडीतलं वाचनालय

चि. सोनूस,

तुझं पत्र मिळालं. लेक तिसरीत गेली, वाचता छान येतं, पण पुस्तक हातात घ्यायला नको म्हणते, ही तुझी काळजी समजली. सुट्टीत रोज दहा पानं वाचून वहीत सारांश लिहायचा, असा नेम तू तिला घालून दिला आहेस. तो नेम आधी मोड, एवढी माझी विनंती आहे. वाचता येणं आणि वाचावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली शाळेत शिकवून येते. दुसरी येते ती वाचलेल्याचा हिशेब कुणी मागत नसेल तेव्हाच.

सोबत 'तोत्तोचान' पाठवते आहे. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेनं आपल्या लहानपणाच्या शाळेबद्दल लिहिलेलं हे पुस्तक जपानमध्ये 1981 साली निघालं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, म्हणून तोत्तोला, म्हणजे लहानपणीच्या तेत्सुकोला, पहिलीतच शाळेतून काढून टाकतात. आई मात्र ही गोष्ट ती वीस वर्षांची होईपर्यंत तिला सांगत नाही. मग तिला टोकियोतली तोमोई ही शाळा मिळते. तिथले वर्ग भरतात आगगाडीच्या जुन्या डब्यांत. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी या चिमुरडीचं बोलणं तासन्‌तास ऐकत बसतात, आणि तिचं बोलणं संपल्यावरच तिला सांगतात की आता तू या शाळेची.

तुझ्यासाठी यातली एक हकीकत फार महत्त्वाची आहे. शाळेत आणखी एक डबा येणार असतो. रूळ नसताना डबा येणार कसा, हे मुलांना बघायचं असतं. कोबायाशी त्यांना नाही म्हणत नाहीत. मुलं अंथरूण-पांघरूण घेऊन रात्री शाळेतच झोपतात आणि पहाटे डबा येताना डोळे भरून पाहतात. त्या डब्यात वाचनालय होतं. कोणीही, कधीही यावं आणि हवं ते पुस्तक घ्यावं, अमक्या इयत्तेला अमकंच अशी वाटणी नाही. मुलं इतकी गर्दी करतात की काही जण उभ्यानंच वाचू लागतात. त्या पुस्तकांवर कुणी प्रश्न विचारणार नव्हतं, म्हणून ती गर्दी झाली, असं मला मनापासून वाटतं.

प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत. रात्री अंथरुणात तिला मोठ्यानं वाचून दाखव. लेक आता स्वतः वाचते, मग आपण कशाला, असं मनात आणू नकोस. डोळे अक्षरं जुळवण्यात गुंतले की गोष्ट निसटते; तुझ्या आवाजात ती तिला सबंध मिळेल. ती 'अजून एक' म्हणाली की वाच, कंटाळली की मिटून ठेव. 'यातून काय शिकलीस?' हा प्रश्न मात्र कधीही विचारू नकोस. चिहिरो इवासाकींची चित्रं तिला निवांत बघू दे.

पुढे दुःखाची पानंही आहेत. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तो शिडी लावून आपल्या झाडावर चढवते, आणि पुढे तोच मित्र जातो. त्यानं वाचायला दिलेलं पुस्तक तिच्यापाशीच राहतं. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. ही पानं गाळू नकोस. मुलांना दुःख कळतं. जवळ कुणी बसलेलं असलं की पुरे.

तूही रोज थोडा वेळ तिच्या देखत तुझं आवडतं काहीतरी वाचत जा. मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त उचलतात. घरातली पुस्तकं काचेच्या कपाटातून काढून तिच्या हाताला येतील अशी ठेव. पानं दुमडली, डाग पडले तरी रागावू नकोस.

सारांशाची वही आजच बंद कर आणि रात्री पहिलं प्रकरण वाचायला घे.

तुझी,
मावशी